एका अर्जासोबतच्या अनेक फायली

१९९५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात इंटरनेटच्या अभियंत्यांनी आपल्या जाहीर दप्तरात लागोपाठच्या क्रमांकांचे दोन दस्तऐवज दाखल केले. त्यांतला पहिला, क्रमांक १८६६, टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनॉली यांचा होता आणि एचटीएमएलची दुसरी आवृत्ती त्यात लेखनिविष्ट झाली होती. वाचकाला पडद्यावर अर्ज भरता यावा, नाव-पत्ता लिहिता यावा, चौकोनात खूण करता यावी, यादीतून एखादी नोंद निवडता यावी आणि शेवटी एक बटण दाबून हा सारा मजकूर दूरच्या सर्व्हरकडे रवाना करता यावा, एवढी तजवीज त्यात होती. परंतु अर्जदाराच्या स्वतःच्या संगणकावर असलेला एखादा निबंध, एखादे छायाचित्र किंवा हिशेबाचा एखादा तक्ता त्या अर्जाला जोडण्याची मुभा मात्र नव्हती. ही उणीव भरून काढणारा मजकूर अगदी पुढच्याच क्रमांकावर, १८६७ वर, आला. झेरॉक्स कंपनीतले अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर हे त्याचे कर्ते होत. त्याच्या माथ्यावर 'प्रायोगिक' असा शेरा होता आणि त्याची पानेही फार नव्हती. तथापि आज जगात जेथे जेथे एखादा इसम वेबवरील फॉर्मला फाइल जोडून पाठवतो, तेथे तेथे बहुधा याच कागदाचा जाबता चालतो.

या जाबत्याचा इतिहास बहुतेकदा ब्राउझरच्या बाजूने सांगितला जातो, आणि मग तो सोयींच्या वाढीची एक सुखद कहाणी होऊन बसतो. मला तो उलट बाजूने, म्हणजे फायली स्वीकारणाऱ्या सर्व्हरवरील कोडच्या बाजूने, अधिक उद्बोधक वाटतो. पाठवणारा आपल्या फायलींबरोबर काही विधाने करतो: फाइलचे नाव अमुक आहे, तिचा प्रकार तमुक आहे, एकूण मजकूर इतका आहे, आणि फायली इतक्या आहेत. ही सारी त्याची स्वतःची विधाने असतात. त्यांना साक्षीदार नसतो. स्वीकारणाऱ्याने प्रारंभी ती सर्वच खरी मानली, आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे एकेक विधानावरचा विश्वास, प्रत्येक वेळी काहीतरी नुकसान झाल्यानंतरच, मागे घेतला. त्यांतही संख्येच्या विधानाकडे सर्वांत शेवटी लक्ष गेले, ही गोष्ट मोठी विलक्षण आहे.

नेबेल आणि मॅसिंटर यांनी आपली रचना शून्यातून उभारली नाही. ती त्यांनी टपालाकडून उसनी घेतली. १९८२ सालच्या ८२२ क्रमांकाच्या दस्तऐवजाने संगणकीय पत्राचा जो घाट ठरवून दिला होता, तो केवळ इंग्रजी अक्षरांच्या ओळींसाठी होता. चित्र किंवा ध्वनी अशा पत्रातून पाठवावयाचा तर आधी त्याला अक्षरांचा वेश चढवावा लागे. त्यासाठी बर्कली येथे १९८० मध्ये मेरी ॲन हॉर्टन यांनी लिहिलेला यूयूएन्कोड हा प्रोग्राम लोक बरीच वर्षे वापरीत. १९८५ मध्ये मार्शल रोझ आणि आयनार स्टेफरुड यांनी एका पत्राच्या पोटात अनेक पत्रे घालण्याची आणि त्यांच्या दरम्यान आडव्या रेघांची ओळ ठेवण्याची पद्धत सुचवली. अखेर जून १९९२ मध्ये बेलकोर या संशोधनसंस्थेतले नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि इनोसॉफ्टचे नेड फ्रीड यांनी माइम नावाची व्यवस्था प्रसिद्ध केली. तिच्या तीन महिने आधी, ११ मार्च १९९२ रोजी, बोरेनस्टाइन यांनी जे पत्र पाठवले त्यात त्यांच्या चार गायकांच्या चमूचे छायाचित्र होते आणि त्याच चौघांनी गायिलेले एक गाणेही होते. आज ज्याला आपण जोडपत्र किंवा अटॅचमेंट म्हणतो, त्याचा हा पहिला सार्वजनिक अवतार मानला जातो. आणि तो एकाहून अधिक फायलींचा होता, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

माइमची युक्ती अशी की, पाठवणारा आरंभीच एक सीमाचिन्ह जाहीर करतो: सत्तर अक्षरांपर्यंतची अशी एखादी अर्थहीन अक्षरमाला, जी पाठवावयाच्या मजकुरात कोठेही सापडणार नाही. मग प्रत्येक भागाच्या आधी दोन आडव्या रेघा आणि ते सीमाचिन्ह अशी एक ओळ येते. तिच्याखाली त्या भागाचा परिचय देणाऱ्या एक-दोन ओळी, मग एक कोरी ओळ, मग प्रत्यक्ष मजकूर. आणि सर्व भाग संपल्यावर तेच सीमाचिन्ह पुन्हा एकदा, या खेपेस पुढे दोन आणि मागेही दोन रेघांसह, इत्यलम् म्हणून. या रचनेत प्रत्येक भागाची लांबी कोठेही लिहिलेली नसते. त्यामुळे पाठवणाऱ्याचे काम फार सोपे होते, आणि घेणाऱ्याचे तितकेच अवघड. कारण भाग कोठे संपला हे कळण्यास त्याला आलेला प्रत्येक बाइट तपासावा लागतो, आणि मजकूर तर त्याच्या हाती चार-आठ किलोबाइटांच्या तुकड्यांनी येत असतो, त्यामुळे सीमाचिन्हाचा पूर्वार्ध एका तुकड्याच्या शेवटी आणि उत्तरार्ध दुसऱ्याच्या आरंभी येण्याचा संभव सदैव असतो. ज्याने म्हणून हा वाचक स्वतः लिहून पाहिला, त्याला या एका जागी ठेच लागल्यावाचून राहिली नाही.

वेबच्या अर्जांचा मूळ शिरस्ता याहून निराळा होता. रकान्याचे नाव, बरोबरीचे चिन्ह आणि मूल्य अशा जोड्या एकापुढे एक गुंफून पाठवावयाच्या, आणि जे अक्षर या साखळीत चालणार नाही त्याच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंक लिहावयाचे, अशी ती पद्धत. नाव-पत्त्यासाठी ती पुरेशी होती. परंतु छायाचित्रातील बहुतेक बाइट असे 'न चालणारे' असल्याने एकेका बाइटाचे तीन होत आणि एक मेगाबाइटची फाइल जवळजवळ तिप्पट होऊन तारेवर चढे. १८६७ क्रमांकाच्या कागदाने म्हणून माइमची बहुभागी रचना स्वीकारली आणि तिला 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' हे नाव दिले. अर्जातील प्रत्येक रकाना हा एक भाग झाला. रकान्याचे नाव परिचयाच्या ओळीत आले. आणि तो रकाना फाइलचा असेल तर तिचे मूळ नावही त्याच ओळीत येऊन बसले.

एका रकान्यातून एकच फाइल येणार असती तर रचना एवढ्यावर भागली असती. परंतु कर्त्यांनी दूरदृष्टीने अनेक फायलींचीही व्यवस्था आधीच करून ठेवली. वापरकर्त्याने एकाच रकान्यात दोन फायली निवडल्या, तर त्या दोन्ही मिळून 'मल्टिपार्ट/मिक्स्ड' अशा एका आतल्या गठ्ठ्यात जाव्यात, त्या गठ्ठ्याला स्वतःचे वेगळे सीमाचिन्ह असावे, आणि तो सबंध गठ्ठा बाहेरच्या अर्जाचा एक भाग म्हणून रुजू व्हावा. पेशवे दप्तरातल्या रुमालात जशी सुटी पुडकी असतात आणि पुडक्यात कागद, त्या धर्तीची ही मांडणी होती. आणि तर्काच्या दृष्टीने तिच्यात बोट ठेवण्यास जागा नव्हती. डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीनेही तीच मांडणी नमुन्यासह पुढे चालवली. व्यवहारात मात्र तिचा अंमल जवळजवळ बसलाच नाही. बहुतेक ब्राउझरांनी फाइलच्या रकान्यापुढे एकच फाइल निवडण्याची सोय ठेवली, आणि पुढे जेव्हा अनेक फायलींची सोय केली तेव्हा पुडके न बांधता त्याच नावाचे भाग एकापुढे एक सुटे पाठवले. आतले पुडके सोडण्याचा कोड कित्येक सर्व्हरांवर इमानेइतबारे लिहिला गेला आणि बहुशः रिकामा बसून राहिला.

सर्व्हरच्या बाजूला त्या काळी कॉमन गेटवे इंटरफेस, म्हणजे सीजीआय, या पद्धतीचे राज्य होते. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राने १९९३ मध्ये ती प्रचारात आणली. प्रत्येक विनंतीसरशी सर्व्हर एक स्वतंत्र प्रोग्राम सुरू करी, एकूण मजकुराची लांबी त्याच्या कानावर घाली आणि मजकूर त्याच्या पुढ्यात ओतून मोकळा होई. तो उलगडण्याची जबाबदारी सर्वस्वी त्या प्रोग्रामची. पर्ल भाषेतले हे प्रोग्राम लिहिणारे बहुतेक हौशी होते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी बहुभागी मजकूर वाचण्याचा कोड एकमेकांचा पाहून उतरवला. या अनागोंदीत जनुकसंशोधनाच्या क्षेत्रातले शास्त्रज्ञ लिंकन स्टाइन यांनी लिहिलेले सीजीआय-पीएम हे मॉड्यूल आधार ठरले, आणि १९९७ मध्ये ते पर्लच्या मूळ संचातच समाविष्ट झाले. त्यात अपलोड केलेल्या फाइलचे जे मूल्य हाती येई ते मोठे चमत्कारिक होते: अक्षरे म्हणून वाचले तर ते फाइलचे नाव असे, आणि फाइल म्हणून उघडले तर त्यातून तिचा मजकूर वाहू लागे. ही चतुराई वापरणाऱ्यास सुखावह होती खरी. परंतु नाव आणि वस्तू यांच्यातला भेद तिने पुसून टाकला, आणि पाठवणाऱ्याने सांगितलेले नाव हेच जणू फाइलचे अस्तित्व अशी समजूत तिने नकळत दृढ केली, असे माझे मत आहे. एकूण मजकुरावर मर्यादा घालण्याची सोयही त्या मॉड्यूलमध्ये होती. मूळचे मूल्य उणे एक, म्हणजे मर्यादा नाही.

नावाच्या विधानावरचा विश्वास सर्वांत आधी उडाला. १९९६ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीने फाइल अपलोडची सोय दिली. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती अंगभूत म्हणून येण्यास चौथी आवृत्ती, म्हणजे १९९७ साल, उजाडावे लागले. या दुसऱ्या ब्राउझरची खोड अशी की, तो फाइलच्या नुसत्या नावाऐवजी वापरकर्त्याच्या संगणकावरचा तिचा सबंध मार्ग, सी ड्राइव्हपासून आरंभ करून सर्व फोल्डरांच्या नावांनिशी, सर्व्हरकडे पाठवी. अर्जदाराचे लॉगिननाव त्यातून बिनदिक्कत बाहेर पडे, हा एक भाग. आणि सर्व्हरवरच्या भोळ्या कोडने तो मार्ग जसाच्या तसा वापरला, तर फाइल भलत्याच नावाने किंवा भलत्याच जागी जाऊन पडे, हा दुसरा. याहून वाईट असे की, एखाद्या खोडसाळ माणसाने दोन टिंबे आणि तिरपी रेघ अशी जोडी मुद्दाम नावात घातली, तर नेमून दिलेल्या निर्देशिकेबाहेर चढून जाऊन तो सर्व्हरवरची दुसरीच फाइल पुसू शके. मिळालेल्या नावातून शेवटच्या रेघेपुढचा अंशच घ्यावा, आणि शक्य तर तोही न घेता सर्व्हरने स्वतःचे नवे नाव ठेवावे, हा नियम पुढे रूढ झाला. ब्राउझरांनीही मार्ग पाठवणे बंद केले. परंतु मार्ग असणारच असे गृहीत धरून लिहिलेली संकेतस्थळे इतकी होती की त्यांच्या समाधानासाठी पानातील स्क्रिप्टला फाइलच्या नावापूर्वी 'सी ड्राइव्ह, फेकपाथ' असा एक धादांत खोटा मार्ग दाखवण्याची रीत पडली, आणि ती आजच्या एचटीएमएलच्या मानकात ऐतिहासिक कारणास्तव म्हणून अधिकृतपणे नमूद आहे. कायद्याने मान्य केलेली अशी निरुपद्रवी लबाडी फार थोड्या मानकांत आढळेल.

आपल्याकडच्या नावांची कथा आणखी निराळी. फाइलचे नाव ज्या परिचयाच्या ओळीत येते ती मुळात इंग्रजी अक्षरांसाठी घडलेली. तीत देवनागरी कशी लिहावी याविषयी आरंभी एकवाक्यता नव्हती. पान यूनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात असेल तर ब्राउझर नावही त्याच रूपात पाठवी. परंतु पानाचा संकेत जुना पाश्चात्त्य असेल, आणि आपली पुष्कळ पाने कित्येक वर्षे तशीच होती, तर ज्या अक्षराला त्या संकेतात जागा नाही त्याऐवजी त्याचा अनुक्रमांक लिहिला जाई. परिणामी 'म'ने सुरू होणाऱ्या फाइलच्या नावाच्या आरंभी सर्व्हरवर अँपरसँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम अशी माळ उमटे. यूटीएफ-८ सर्वत्र झाल्यावर हे संकट टळले, तरी देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते आणि लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नावाची कमाल लांबी २५५ बाइट असते, हे सत्य उरतेच; काना-मात्रा-वेलांट्याही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजल्या जात असल्यामुळे ८५ चिन्हांच्या पुढे गेलेले मराठी नाव तेथे ठरतच नाही.

प्रकाराच्या विधानाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ब्राउझर फाइलच्या नावाच्या शेपटावरून किंवा यंत्राच्या नोंदीवरून प्रकार सांगतो. आत काय आहे याची त्याने खातरी केलेलीच असते असे नाही. शिवाय इंटरनेट एक्सप्लोरर बरीच वर्षे साध्या जेपेग चित्राला 'पीजेपेग' म्हणत असे, त्यामुळे कडक तपासणी ठेवणाऱ्या सर्व्हरांनी निरपराध छायाचित्रे परत लावली आणि ढिली ठेवणाऱ्यांनी काहीही आत घेतले.

रासमुस लेरडॉर्फ यांच्या पीएचपी या भाषेचे प्रकरण मात्र तपशिलाने पाहण्याजोगे आहे, कारण अनेक फायली हाताळण्याचा व्यवहार सामान्य प्रोग्रामरच्या हाती खऱ्या अर्थाने तिनेच दिला. पर्लमध्ये जे मॉड्यूल आणून करावे लागे ते येथे भाषाच करी: बहुभागी मजकूर आला की तो उलगडून प्रत्येक फाइल एका तात्पुरत्या जागी ठेवली जाई आणि प्रोग्राम सुरू होण्यापूर्वी चार चल तयार होत. रकान्याचे नाव 'यूजरफाइल' असेल तर त्याच नावाच्या चलात तात्पुरत्या फाइलचा मार्ग, आणि त्याच नावापुढे अनुक्रमे नाव, आकार व प्रकार हे प्रत्यय लागलेल्या तीन चलांत उरलेली माहिती. प्रोग्रामने ती फाइल उचलून इष्ट स्थळी न्यावी. न नेल्यास विनंती संपताच ती आपोआप नष्ट होई. व्यवस्था सुटसुटीत होती. परंतु त्या काळी पीएचपी अर्जातील साध्या रकान्यांचेही असेच चल करीत असे, आणि अमुक चल फाइलमुळे झाला की साध्या रकान्यामुळे, हे ओळखण्याची खूण नव्हती. मग एखाद्याने फाइल न पाठवताच 'यूजरफाइल' या नावाच्या साध्या रकान्यात सर्व्हरवरच्या वापरकर्त्यांची यादी असलेल्या फाइलचा मार्ग लिहून धाडला, तर बिचारा प्रोग्राम तीच 'अपलोड झालेली' फाइल समजून उचली आणि पुष्कळदा जगाला दाखवण्याच्या जागी नेऊन ठेवी. जामदारखान्याच्या किल्ल्या चोराच्या हाती देण्याचा हा प्रकार २००० साली जाहीर झाला. त्यावर उपाय म्हणून, फाइल खरोखर याच विनंतीतून आली आहे काय हे विचारणारे एक, आणि तशी खातरी करूनच ती हलवणारे दुसरे, अशी दोन फंक्शने ४.०.३ या आवृत्तीत आली. डिसेंबर २००१ मध्ये, ४.१ मध्ये, सर्व फायलींची माहिती एका स्वतंत्र 'फाइल्स' नावाच्या ॲरेत ठेवण्यास आरंभ झाला. फेब्रुवारी २००२ मध्ये बहुभागी मजकूर वाचणाऱ्या खुद्द पीएचपीच्या कोडमध्येच स्मृतीची हद्द ओलांडणारे दोष सापडले, आणि जगभर घाईघाईने ४.१.२ ही आवृत्ती चढवावी लागली.

अनेक फायलींसाठी पीएचपीने जी खूण ठरवली ती तिची स्वतःची होती: रकान्याच्या नावापुढे रिकामा चौकोनी कंस जोडावा, म्हणजे त्या नावाच्या सर्व फायली एका ॲरेत जमा होतील. मात्र त्या जमा होतात त्या उलट्या मांडणीत. तीन छायाचित्रे पाठवली तर पहिल्याचे नाव-प्रकार-आकार एकत्र, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे, अशी आपली साहजिक अपेक्षा असते. प्रत्यक्षात तिन्ही नावे एका रांगेत, तिन्ही प्रकार दुसऱ्या रांगेत, तिन्ही तात्पुरते मार्ग तिसऱ्या रांगेत, चुकांचे क्रमांक चौथ्या आणि आकार पाचव्या रांगेत, असा पट समोर येतो. जुन्या चार सुट्या चलांपैकी प्रत्येकाचा जो तो ॲरे झाला आणि पुढे ते सारे तसेच उचलून एका मोठ्या ॲरेत बसवले, हे या वैचित्र्याचे मूळ उघड दिसते. शिकाऊ प्रोग्रामरची पहिली तारांबळ येथे उडते. आणि हा पट फिरवून सरळ करणारे दहा-बारा ओळींचे फंक्शन आजवर किती हातांनी पुनःपुन्हा लिहिले असेल याची गणती नाही. मर्यादांचीही अशीच गंमत. एका फाइलला दोन मेगाबाइट आणि सबंध अर्जाला आठ, अशी पीएचपीची मूळची हद्द. पाच फायली प्रत्येकी दोन मेगाबाइटांच्या जोडल्या तर एकेक फाइल नियमात बसते पण बेरीज बसत नाही, आणि तसे झाले की फायलींबरोबर नाव-पत्त्याचे रकानेही रिकामे हाती येतात, जणू कोणी काही पाठवलेच नव्हते. शिवाय फाइलची कमाल मर्यादा अर्जातीलच एका लपवलेल्या रकान्यात लिहिण्याची रीत पीएचपीच्या मार्गदर्शिकेने शिकवली होती. तो रकाना अर्जदाराला हवा तसा बदलता येतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

जावाच्या गोटात निराळी उदासीनता होती. सर्व्हलेटांची पद्धत १९९७ मध्ये आली, पण बहुभागी अर्ज वाचण्याची सोय तिच्या मानकात डिसेंबर २००९ पर्यंत, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीपर्यंत, नव्हती. तोवर आधी जेसन हंटर यांच्या पुस्तकाबरोबर आलेल्या वर्गसंचावर आणि नंतर अपाचीच्या कॉमन्स फाइलअपलोड या लायब्ररीवर सारा कारभार चालला. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपीमध्ये कच्चे बाइट वाचण्यापलीकडे काही नसल्याने तेथे विकत मिळणाऱ्या घटकांचा एक लहानसा बाजारच उभा राहिला होता. २००२ मध्ये एएसपी-डॉट-नेट आले आणि तो ओसरला.

या साऱ्या काळात वापरणाऱ्याला एका वेळी एकच फाइल निवडता येई. दहा छायाचित्रे पाठवावयाची तर दहा चौकटी, किंवा 'आणखी एक फाइल जोडा' असा दुवा दाबून एकेक नवी चौकट. फ्लॅश या प्लगइनचा लहानसा तुकडा पानात बसवून अनेक फायली निवडण्याची वाट काहींनी काढली, पण फ्लॅशकडून जाणाऱ्या विनंतीबरोबर ब्राउझरच्या कुकीज नेहमीच जात नसत, आणि मग सर्व्हर लॉगिन केलेल्या माणसालाच अनोळखी ठरवी. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीतील 'मल्टिपल' या एका शब्दाने हे सारे उपद्व्याप संपवले. फायरफॉक्समध्ये तो जानेवारी २०१० च्या ३.६ या आवृत्तीत आला, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये २०१२ च्या दहाव्या आवृत्तीत.

महाराष्ट्रात या सोयीचा सर्वाधिक उपयोग होण्याजोगी जागा म्हणजे शासकीय अर्ज; पण तेथे गंमत अशी दिसते की शिष्यवृत्तीच्या, भरतीच्या किंवा दाखल्याच्या अर्जात प्रत्येक कागदाची चौकट वेगळी ठेवण्याचाच कल आहे. छायाचित्र इतक्या केबीच्या आत, स्वाक्षरी त्याहून लहान, जातीचा दाखला पीडीएफमध्ये, उत्पन्नाचा दाखला वेगळा. ई-सेवा केंद्रात बसलेला माणूस दिवसभर स्कॅन केलेले कागद 'केबीत बसवण्याचे' काम करीत असतो, आणि अर्जदार त्याच्या पाठीशी उभा राहून टक्केवारीची पट्टी पुढे सरकताना पाहत असतो. या पद्धतीला जुनाट म्हणून हसणे सोपे आहे. परंतु कोणता कागद कोणत्या कामाचा, याचा निवाडा ती अर्जदाराकडून आरंभीच करवून घेते, आणि तपासणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने एकाच चौकटीतून आलेल्या बारा बेनाम कागदांपेक्षा ती निःसंशय बरी. अनेक फायलींची एक चौकट छायाचित्रांच्या संग्रहाला शोभते, पुराव्यांच्या फडताळाला नाही.

आतल्या पुडक्याचा निकाल लागण्यास २०१५ चा जुलै उजाडला. त्या महिन्यात लॅरी मॅसिंटर यांनीच लिहिलेला ७५७८ क्रमांकाचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला, आणि आपल्याच वीस वर्षांपूर्वीच्या रचनेवर त्यांनी त्यात पाणी सोडले: अनेक फायली पाठवावयाच्या तर प्रत्येकीचा स्वतंत्र भाग करावा, आणि सर्व भागांना रकान्याचे तेच नाव द्यावे, स्वीकारणाऱ्यांनी जुनी पद्धतही ओळखावी, पण पाठवणाऱ्यांनी ती वापरू नये. शास्त्राने रूढीपुढे मान तुकवली, असे म्हणता येईल. माझ्या मते रूढीच येथे शहाणी होती. पुडक्यात पुडके सोडणारा कोड कठीण, त्यात चुका लपण्यास जागा अधिक, आणि ज्या प्रश्नासाठी ही गुंतागुंत होती तो प्रश्न एकाच नावाची पुनरुक्ती करूनही सुटत होता.

संख्येच्या विधानाकडे पाहण्याची पहिली निकड २००९ मध्ये भासली. आकाराला मर्यादा होती, पण फायलींच्या संख्येला नव्हती. आणि पीएचपी प्रत्येक फाइलसाठी तात्पुरती फाइल निर्माण करीत असल्याने, काही बाइटांच्या हजारो फायली एकाच अर्जातून धाडून सर्व्हरची डिस्क आणि यंत्र दोन्ही जेरीस आणता येत. त्या वर्षीच्या ५.३.१ या आवृत्तीने एका विनंतीत वीस फायलींची हद्द घातली. इतरांनी यापासून धडा घ्यावयास हवा होता. बहुतेकांनी तो घेतला नाही. २०१४ मध्ये तर कॉमन्स फाइलअपलोडमध्ये असे आढळले की, सीमाचिन्हच चार हजारांहून अधिक अक्षरांचे पाठवले तर वाचणारा कोड न संपणाऱ्या फेऱ्यात अडकतो. सीमाचिन्ह सत्तर अक्षरांच्या आत असावे हे १९९२ मध्येच लिहून ठेवलेले होते; ते मोजून पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते.

मग फेब्रुवारी २०२३ मध्ये एकदम सर्वत्र जाग आली. पायथन भाषेतल्या जँगो या फ्रेमवर्कने १४ तारखेला एका अर्जात शंभर फायलींची मर्यादा घातली. त्याच सुमारास वर्कझॉयग या पायथनच्याच लायब्ररीने भागांची हद्द एक हजारावर आणली. पीएचपीने फायलींबरोबर एकंदर भागांचीही मोजणी सुरू केली, कारण फायली वीसच असल्या तरी भाग कितीही असू शकत होते. जावाच्या कॉमन्स फाइलअपलोडनेही १.५ या आवृत्तीत फायलींच्या संख्येची मर्यादा उपलब्ध करून दिली, पण ती मुळात लागू केली नाही; प्रोग्रामरने स्वतः मागावी तेव्हा मिळावी, असा हुकूम. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ही सवलत दिली गेली असावी हे समजू शकते, तथापि ज्याला या धोक्याची वार्ता नाही तोच मर्यादा मागणार नाही, आणि तिची गरज त्यालाच सर्वांत अधिक.

संख्येची मोजणी झाली तरी तपासणीचा प्रश्न उरलाच होता, आणि तो तीनच महिन्यांत पुढे आला. जँगोमध्ये अर्जाचे रकाने पारखणारी एक व्यवस्था आहे: फाइल रिकामी नाही ना, नाव फार लांब नाही ना, चित्राचा रकाना असेल तर ते खरोखरच चित्र आहे ना, हे ती पाहते. तिच्या मार्गदर्शिकेत अनेक फायली कशा घ्याव्यात याचाही एक नमुना दिलेला होता, आणि लोक वर्षानुवर्षे तो उतरवून घेत होते. ३ मे २०२३ रोजी जाहीर झाले की, त्या पद्धतीने एका रकान्यातून पाच फायली आल्या तर पारख फक्त शेवटच्या फाइलची होते. आधीच्या चार तशाच आत जातात. एका रकान्यात एक फाइल हा १९९० च्या दशकातला समज त्या कोडच्या बुडाशी तसाच शाबूत राहिला होता. त्या दिवसापासून जँगोच्या साध्या फाइल-चौकटीला 'मल्टिपल' जोडले की प्रोग्राम चूक जाहीर करून थांबतो. ज्याला एका चौकटीतून अनेक फायली घ्यावयाच्याच असतील त्याने तशी परवानगी चौकटीच्या वर्गात स्वतःच्या हाताने लिहावी, आणि आलेल्या यादीवर फेरा घालून प्रत्येक फाइल एकेक करून पारखणारा रकानाही स्वतःच घडवावा, असे सुधारलेली मार्गदर्शिका नमुन्यासह सांगते.